सुट्टीच्या घरात येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या: नियम नेमका काय लिहावा?

झोपाळा

आमचं घर आम्ही सुट्टीसाठी भाड्याने देतो. एका वेळी आठ जण राहतात. फाटकापासून ओसरीच्या पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक घातलेला १०.६ मीटर लांब आणि ३.१ मीटर रुंद पट्टा आहे. जाहिरातीत 'दोन गाड्यांचं मोफत पार्किंग' असं लिहिलंय, आणि त्या एकामागे एक लागतात. फाटक ३ मीटरचं, दोन दारांचं, दोन्ही दारं आत उघडतात. समोरची गल्ली साडेचार मीटर रुंद आहे. पलीकडे बरोबर शेजाऱ्यांचं फाटक.

नेहमीच्या अडचणी अशा. दुसऱ्या गाडीची शेपटी बहुतेक वेळा फाटकाबाहेर राहते. तिसरी गाडी आली की ती गल्लीत लागते आणि शेजाऱ्यांचा फोन येतो. आतल्या गाडीला पहाटे निघायचं असलं की बाहेरच्या गाडीवाल्याला झोपेतून उठवावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीवाले ओसरीतल्या सॉकेटला एक्स्टेंशन जोडून रात्रभर चार्जिंग करतात. मिनीबस चालेल का, अशीही विचारणा होते.

सध्या घराच्या नियमांत एवढीच ओळ आहे: 'कृपया गाडी व्यवस्थित लावावी व शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये.' या ओळीने काहीच होत नाही. तिच्या जागी काय लिहावं? आणि 'गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावावी' अशी पाटी लावली तर पुरेल का?

---

मापपट्टी

नियम लिहिण्याआधी टेप घ्या. तुम्ही दिलेल्या मापांतच पहिल्या अडचणीचं कारण आहे: गाडी लावायला तुमच्याकडे १०.६ मीटर नाहीतच.

फाटक ३ मीटरचं, म्हणजे प्रत्येक दार दीड मीटरचं, आणि ते आत उघडतं. ते बंद करायचं तर दार फिरायला मोकळी जागा लागते. पट्ट्याच्या मधोमध १.८ मीटर रुंदीची गाडी उभी असली, तर तिचा मागचा कोपरा फाटकाच्या रेषेपासून साधारण १.३५ मीटर आत असल्याशिवाय दार पुढे सरकत नाही. गाडी एका बाजूला सरकवून लावली तर त्याच बाजूच्या दाराला पूर्ण दीड मीटर धरा. राहिले ९.१ मीटर. ओसरीच्या पायरीपासून ३० सेंमी सोडा, राहिले ८.८.

आता गाड्या. छोटी हॅचबॅक ३.७ ते ४ मीटर, मध्यम एसयूव्ही ४.३ ते ४.६, सात आसनी मोठी गाडी ४.७ ते ५ मीटर. दोन गाड्यांमध्ये डिकी उघडून बॅग काढायला निदान ८० सेंमी तरी हवेत, एक मीटर असला तर उत्तम. ४ + ०.८ + ४ झाले ८.८. म्हणजे दोन छोट्या गाड्या अगदी काठोकाठ बसतात. एक ४.६ ची आली की हिशेब ६० सेंमीने चुकतो. मग पाहुणा दोनांपैकी एक काहीतरी करतो: फाटक रात्रभर उघडं ठेवतो, नाहीतर गाडीची शेपटी गल्लीत सोडतो. यात त्याचा निष्काळजीपणा नाही, जागाच तेवढी आहे.

यावर खरा उपाय म्हणजे सरकतं फाटक. कुंपणाच्या आतून रूळ टाकून दार एका बाजूला सरकवायचं. त्यासाठी फाटकाच्या बाजूला कुंपणाला लागून ३ मीटरपेक्षा थोडी जास्त सरळ भिंत मोकळी लागते. तेवढी नसेल तर दोन तुकड्यांचं, एकावर एक सरकणारं दार करता येतं, मग जागा निम्मी पुरते. ही दीड मीटर परत मिळाली की एक मोठी आणि एक छोटी गाडी नीट मावते. दारं बाहेर उघडायची करू नका. गल्लीतून जाणाऱ्या सायकलवाल्याला दार लागेल, आणि रस्त्यावर दार उघडायला बऱ्याच ठिकाणी बंदीही असते.

फाटक बदलेपर्यंत जाहिरातीतली ओळ बदला. 'दोन गाड्या' एवढं लिहू नका. 'दोन गाड्या, प्रत्येकी ४ मीटरपर्यंत. किंवा एक मोठी गाडी आणि दोन दुचाकी' असं लिहा. दुचाकीला २ मीटर बाय ९० सेंमी पुरतात, दोन स्टँडवर शेजारी शेजारी लावल्या तर दोन मीटर रुंदी धरा.

गल्लीचंही गणित करून बघा. ४.५ मीटर गल्लीत एक गाडी उभी राहिली, आरशांसकट ती साधारण १.९ ते २ मीटर खाते. राहतात अडीच. अग्निशमन बंबाची रुंदीच, आरसे सोडून, अडीच मीटरच्या आसपास असते. म्हणजे तुमच्या पाहुण्याची तिसरी गाडी गल्लीत असेपर्यंत तिच्या पलीकडच्या कुठल्याच घरापर्यंत बंब पोहोचत नाही. शेजारी चिडतात ते उगाच नाही. आणि खुद्द तुमच्या फाटकात ९० अंशात वळायलाही ती मोकळी रुंदी लागतेच. समोर गाडी उभी असेल तर एसयूव्ही एका दमात आत जात नाही, दोन-तीनदा मागेपुढे करावं लागतं, आणि फाटकाच्या खांबाला गाडीचं दार घासतं ते त्याच वेळी.

म्हणून गल्लीसाठी 'शक्यतो' हा शब्द वापरू नका. गल्लीत गाडी नाही, दहा मिनिटंही नाही, सामान उतरवायलाही नाही. सामान आत आल्यावर उतरवा.

मिनीबसला सरळ नाही म्हणा. १७ आसनी गाडी ६ ते ७ मीटर लांब असते, उंची अडीच मीटरच्या वर. फाटकावर कमान असेल किंवा झाडाची फांदी खाली आली असेल तर तिथेच अडते, आणि वळायला साडेचार मीटरची गल्ली तिला पुरत नाही.

---

किल्लीजुडगा

मापपट्टी यांनी जागेचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो. पाहुणे नियम मोडतात ते बहुतेक वेळा वाईट वागायचं म्हणून नाही. त्यांना नियम कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. रात्री साडेनऊला तिसरी गाडी घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला 'दोनच गाड्या' हे वाचून काय करता येणार? गाडी परत घरी पाठवता येत नाही.

त्यामुळे प्रश्न बुकिंगच्या दिवशीच विचारायचा, आणि योग्य प्रश्न विचारायचा. 'किती गाड्या येणार?' असं विचारलं की लोक अंदाजाने 'दोन' लिहितात. त्याऐवजी विचारा: 'तुम्ही किती वेगवेगळ्या ठिकाणांहून येताय?' एकच कुटुंब असेल तर आठ जण दोन गाड्यांत येतात. चार मित्र आपापल्या जोडीदारासह चार ठिकाणांहून येणार असतील तर गाड्या चार. हा एक प्रश्न विचारला की बुकिंग करणाऱ्याच्याही लक्षात येतं की आपल्याला आधी भेटून गाड्या कमी कराव्या लागतील. त्याच्याजवळ त्यासाठी आठवडे असतात.

सोबत प्रत्येक गाडीचं मॉडेल आणि नंबर मागा. मॉडेल लांबीसाठी, नंबर शेजाऱ्यांनी 'ही गाडी तुमचीच का?' विचारलं तर सांगता यावं म्हणून. मुक्काम संपला की ती यादी पुसून टाका, जपून ठेवायचं कारण नाही.

दुसरा निरोप यायच्या दोन दिवस आधी. यात नियम कमी, वाट दाखवणं जास्त. नकाशावरची खूण फाटकावर आहे की छपराच्या मधोमध, हे एकदा तपासा. छपरावर असेल तर नकाशा कित्येकदा मागच्या गल्लीत नेऊन सोडतो आणि पाहुणा तिथेच कुणाच्यातरी दारात गाडी लावून फोन करतो. फाटकाचा फोटो गाडीत बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून काढा, जमिनीपासून साधारण १.२ मीटरवरून. एक दिवसाचा, एक रात्रीचा. रात्रीच्या फोटोत फाटक ओळखू येत नसेल तर पाहुण्यालाही येणार नाही. दोन्ही खांबांवर ५ सेंमी रुंद चमकणारी पट्टी लावली की हेडलाइटमध्ये दार उठून दिसतं.

तिसरी गाडी येणारच असेल तर 'नाही' म्हणून थांबू नका, कुठे लावायची ते सांगा. जवळचं सार्वजनिक किंवा पैसे देऊन वापरायचं पार्किंग स्वतः जाऊन बघा: रात्री उघडं असतं का, चोवीस तासांची परवानगी आहे का, उंचीची मर्यादा किती, तिथून घरापर्यंत सामान घेऊन चालत किती मिनिटं. जी गोष्ट वेळेनुसार बदलते, उदाहरणार्थ आठवड्यातून एक दिवस रस्ता धुण्यासाठी बंद, ती ठळक लिहा. गाडी उचलून नेली जाते ती याच दिवशी.

एकामागे एक लावण्याबद्दल एकच नियम पुरतो: जो आधी निघणार, त्याची गाडी शेवटी लागेल. संध्याकाळी सगळे आत आले की एकमेकांना विचारायचं, उद्या पहाटे कोण निघतंय, आणि झोपायच्या आधी गाड्यांची अदलाबदल करायची. याला पाच मिनिटं लागतात. शिवाय दारामागे दोन खिळ्यांचा फळा लावा, 'आतली' आणि 'बाहेरची' अशी नावं देऊन. बाहेरच्या गाडीची किल्ली रात्री तिथे टांगलेली असली की पहाटे कुणाला उठवावं लागत नाही.

---

ओटा

किल्लीच्या फळ्याबद्दल मला शंका आहे. एकाच कुटुंबाच्या दोन गाड्या असतील तर ठीक. पण एकमेकांना नीट न ओळखणारे दोन गट एका घरात असतील, किंवा खाली-वर दोन वेगळी बुकिंग असतील, तर दुसऱ्याची गाडी चालवायला तुम्हीच सुचवलंत असं होतं. ती गाडी काढताना खांबाला घासली तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो चालवणारा कोण होता हाच. माझ्या मते फळा ऐच्छिक ठेवावा आणि नियमात 'आतल्या गाडीवाल्याने हाक मारल्यावर बाहेरच्याने १० मिनिटांत गाडी काढून द्यावी' असं लिहावं.

---

किल्लीजुडगा

@ओटा, बरोबर. वेगळी बुकिंग असतील तर फळा नको, किंबहुना तिथे एकामागे एक पार्किंगच देऊ नये, एका बुकिंगला एक जागा नेमून द्यावी. फळा एकाच गटासाठी.

---

विजेरी

इलेक्ट्रिक गाडीच्या मुद्द्यावर मला मोठं लिहायचंय, कारण इथे चूक झाली तर प्रश्न शेजाऱ्यांच्या नाराजीवर थांबत नाही, आग लागते.

ओसरीतलं साधं सॉकेट मिक्सर, पंखा, इस्त्री यांच्यासाठी असतं. ही उपकरणं काही मिनिटं चालतात, इस्त्रीसारखी अधूनमधून थांबतात, किंवा पंख्यासारखी अगदी थोडा प्रवाह ओढतात. गाडी मात्र आठ-दहा तास न थांबता तेवढाच प्रवाह ओढते. सॉकेटच्या आतली पितळी पकड थोडी जरी सैल असली तरी तिथे उष्णता साचत जाते. प्लगच्या पिनेभोवतीचं प्लॅस्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होतं, आणि मग वितळतं. तुमच्या ओसरीतलं सॉकेट आजच बघा. पिनेच्या भोकांभोवती तपकिरी छटा दिसत असेल तर ते आधीच तापून गेलंय, बदला.

एक्स्टेंशनवर तर सरळ बंदी घाला. गुंडाळीची रीळ असते ना, तिची वायर गुंडाळलेलीच राहिली तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. बाहेरून हात लावला तर जेमतेम कोमट लागते, आत मात्र वेष्टन मऊ होऊन एकमेकांना चिकटत असतं. रात्री पाऊस आला आणि जोड जमिनीवर पडलेला असेल तर आणखी वेगळा धोका.

देता काय येईल? २३० व्होल्टच्या जोडणीत १० अँपिअरला २.३ किलोवॅट मिळतात, १६ अँपिअरला सुमारे ३.७, ३२ अँपिअरला ७.४. समजा पाहुण्याची बॅटरी ४० किलोवॅट-तासांची आहे आणि ती २० वरून ८० टक्क्यांवर न्यायचीय. २४ किलोवॅट-तास बॅटरीत जायला हवेत, वाटेत दहा टक्क्यांच्या आसपास वाया जातात. १० अँपिअरवर साधारण बारा तास, १६ वर सात-आठ, ३२ वर चारच्या आत. रात्रभर मुक्काम करणाऱ्याला १६ अँपिअर अगदी पुरेसं आहे. ३२ च्या मागे लागू नका. घरात दीड-दीड किलोवॅटचे दोन एसी आणि २ किलोवॅटचा गीझर असेल तर ते ५ किलोवॅट झाले, त्यात ७.४ मिळवले की १२ च्या पुढे. साध्या घराचा मंजूर भार एवढा बहुधा नसतो, आणि पाहुणे आंघोळीला गेले की मेन स्विच पडतो.

१६ अँपिअरसाठी मीटरजवळच्या पेटीतून स्वतंत्र वायर आणा, ४ चौरस मिमी तांब्याची, मध्ये कुठेही जोड नको. अंतर २५-३० मीटरच्या पुढे असेल तर ६ चौरस मिमी. त्या वायरीवर स्वतःची एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरची गळतीरोधक आरसीडी. चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअर डीसी गळती ओळखायची सोय असेल तर ए प्रकारची आरसीडी चालते. नसेल तर बी प्रकारची लागते, ती महाग पडते, म्हणून चार्जर घेतानाच हे विचारा. अर्थिंग मोजून घ्या. काही गाड्या अर्थिंग कच्चं असेल तर चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि पाहुण्याला वाटतं सॉकेट बंद आहे. सॉकेट झाकणाच्या हिरव्या पेटीत, जमिनीपासून मीटरभर वर. हे सगळं परवानाधारक वायरमनकडूनच.

आता तुमच्या पट्ट्यात सॉकेट कुठे? बहुतेक लोक ओसरीच्या टोकाला बसवतात, आणि मग चार्जिंग फक्त आतल्या गाडीला मिळतं. तुम्ही दोन गाड्यांच्या जोडावर, म्हणजे पायरीपासून साडेचार मीटरवर बाजूच्या भिंतीला बसवा. गाडीसोबतची केबल बहुधा ५ मीटरची असते. चार्जिंगचं झाकण कुणाचं पुढच्या मडगार्डवर, कुणाचं मागच्या कोपऱ्यात, कुणाचं थेट नाकावर असतं. मधोमध सॉकेट असलं की आतली-बाहेरची कुठलीही गाडी पोहोचते, गरज पडली तर रिव्हर्समध्ये लावून. केबल भिंतीच्या कडेने जाऊ द्या. भिंतीवर एक आकडा मारून ठेवा, उरलेली केबल त्यावर टांगता येते, पायात येत नाही.

पाहुण्यांसाठी नियम तीन वाक्यांचा पुरे: गाडी फक्त हिरव्या पेटीतल्या सॉकेटवर चार्ज करावी. एक्स्टेंशन किंवा अडॅप्टर वापरू नये. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघावा, हात ठेववत नसेल इतका गरम असेल तर चार्जिंग बंद करून आम्हाला कळवावं.

विजेचे पैसे घेणार असाल तर किती आणि कसे, हे बुकिंगच्या आधी दिसलं पाहिजे. बुकिंगच्या बहुतेक साइट पाहुण्याकडून परस्पर रोख पैसे घेऊ देत नाहीत, तेव्हा तुमच्या साइटचा नियम आधी वाचा.

---

झोपाळा

खूप आभार. टेप घेऊन सगळं पुन्हा मोजलं. मापपट्टी म्हणतात तेच, फाटकाच्या दारांनीच घोळ केलाय. सरकत्या फाटकासाठी एका बाजूला ३.४ मीटर सरळ भिंत आहे.

मोजताना आणखी एक दिसलं. बाहेरच्या गाडीच्या जागेत डाव्या भिंतीपासून २० सेंमीवर ड्रेनेजच्या चेंबरचं ६० बाय ६० चं झाकण आहे. गाडी वरून गेली की ठक् असा आवाज येतो. झाकणावर 'ए १५' असं कोरलेलं आहे. यात काही काळजीचं आहे का?

---

मापपट्टी

आहे. तिथे आज रात्रीपासून चाक जाऊ देऊ नका.

ए १५ हा ईएन १२४ या युरोपीय मानकातला सगळ्यात हलका वर्ग. १५ म्हणजे १५ किलोन्यूटन, साधारण दीड टन, चाचणीतला भार. लोक म्हणतात, गाडी दोन टनांची, म्हणजे एका चाकावर पाचशे-सहाशे किलो, मग दीड टनाचं झाकण तुटेल कसं? पण हा वर्ग पायी चालणारे आणि सायकली जिथे जातात तिथल्यासाठी ठरवलेला आहे. गाड्या उभ्या राहतात तिथे बी १२५ लागतं, साडेबारा टनांच्या चाचणीचं. एवढा फरक ठेवला जातो, कारण चाक हळुवार येऊन टेकत नाही. ते ब्रेक मारत येतं, कडेवर चढतं, तिथेच स्टिअरिंग फिरवलं जातं. तो 'ठक्' आवाज म्हणजे झाकण चौकटीत डुलतंय. प्रत्येक डुलण्याला चौकटीखालचा मसाला थोडा थोडा भुगा होतो. एक दिवस कोपरा खचतो आणि चाक आत.

नुसतं झाकण बदलून भागणार नाही. चौकट आणि झाकण एकाच वर्गाची जोडी घ्यावी लागते, आणि चौकट जुन्या विटांच्या कडेवर न बसवता काँक्रीटच्या कड्यात बसवावी लागते. काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्या जागेवर गाडी नको, तेवढे दिवस बुकिंग एका गाडीचंच घ्या.

तोपर्यंतचा उपाय रंगाच्या डब्यात आहे. झाकण डाव्या भिंतीपासून २० ते ८० सेंमीत. १.८ मीटरची गाडी डाव्या भिंतीपासून ३० सेंमी सोडून लावली तर तिचं चाक साधारण ३५ ते ५५ सेंमीत येतं, म्हणजे बरोबर झाकणावर. तीच गाडी उजव्या भिंतीपासून ३० सेंमीवर लावली तर डावीकडे एक मीटर मोकळा राहतो आणि चाक झाकणाला शिवत नाही. उजव्या चाकांसाठी फाटकापासून पायरीपर्यंत १० सेंमी रुंद पिवळा पट्टा ओढा. माणूस पट्ट्यावर चाक आपोआप ठेवतो, पाटी वाचावी लागत नाही. डावीकडचा एक मीटर दार उघडायला आणि सामान न्यायला मिळतो, उजवीकडच्यांनी आत शिरायच्या आधी उतरायचं.

पायरीपाशी चाक अडवणारा स्टॉपर बसवा. उंची १० सेंमी, त्याहून जास्त नको, खाली झुकलेल्या बंपरला लागतो. पायरीपासून ९० सेंमीवर. पुढचं टायर त्याला टेकलं की गाडीचं नाक पायरीपासून अंदाजे २५-३० सेंमीवर थांबतं. गाडी रिव्हर्समध्ये लावली तर मात्र मागचा भाग काही मोठ्या गाड्यांत चाकाच्या बराच मागे येतो, तिथे ९० सेंमी कमी पडतात. म्हणून आतली गाडी नाक आत करूनच लावायची, हे लिहा. इलेक्ट्रिक गाडीला उलटी लावायची गरज पडली तर ती बाहेरच्या जागेत.

---

ओटा

पाटीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. 'स्वतःच्या जबाबदारीवर' या पाटीने तुमची सगळी जबाबदारी जात नाही. चोरी किंवा दुसऱ्या गाडीने घासणं यासाठी ती थोडीफार कामाची. पण तुमचं फाटक निखळून गाडीवर पडलं, किंवा हेच झाकण खचलं, तर ती तुमच्या देखभालीतली कसूर, आणि बहुतेक ठिकाणी पाटी तिथे उपयोगी पडत नाही. घराच्या विम्यात भाड्याने राहणाऱ्या पाहुण्याच्या वस्तूंचं आणि वाहनाचं नुकसान धरलंय का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. घरगुती विम्यात व्यावसायिक वापर बऱ्याचदा वगळलेला असतो.

पार्किंगवर कॅमेरा लावणार असाल तर तो कुठे आहे आणि काय टिपतो, हे जाहिरातीत बुकिंगच्या आधी दिसलं पाहिजे. एअरबीएनबी या बुकिंग साइटने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे पूर्ण बंद केले आहेत, बाहेरचे चालतात पण आधी सांगून. कॅमेऱ्याचं तोंड तुमच्या पट्ट्याकडे ठेवा, शेजाऱ्यांच्या फाटकाकडे नको.

---

झोपाळा

झाकणावर आजच लाकडी कुंडी ठेवली. सरकतं फाटक आणि चेंबर दोन्ही एकदमच करून घेतो, तोपर्यंत जाहिरातीत एकच गाडी. नंतरसाठी नियमाचा मसुदा असा केलाय, बघाल का?

'आवारात दोन गाड्यांची जागा आहे: आत ५ मीटरपर्यंत, बाहेर ४.३ मीटरपर्यंत. मिनीबस मावत नाही. उजवी चाकं पिवळ्या पट्ट्यावर ठेवावी. आतली गाडी नाक आत करून, स्टॉपरला टेकवून लावावी. जो आधी निघणार त्याची गाडी शेवटी. गल्लीत गाडी उभी करू नये, सामान आत येऊन उतरवावं. तिसरी गाडी असल्यास बुकिंग करताना कळवावं, आम्ही जवळच्या सार्वजनिक पार्किंगचा नकाशा पाठवू. भेटायला येणाऱ्यांच्या गाड्यांनाही हाच नियम. इलेक्ट्रिक गाडी फक्त हिरव्या पेटीतल्या सॉकेटवर, एक्स्टेंशन नको. निघायच्या दिवशी ११ पर्यंत गाडी काढावी. नियम मोडल्यास गाडी उचलून नेली जाईल व दंड आकारला जाईल.'

---

किल्लीजुडगा

मसुदा उत्तम आहे, 'भेटायला येणाऱ्यांच्या गाड्या' हे तुम्ही आठवणीने लिहिलंत ते फार बरं केलं, रात्रीच्या जेवणाला आलेल्या पाहुण्यांच्या पाहुण्यांमुळेच गल्ली अडते.

शेवटचं वाक्य काढा. सार्वजनिक गल्लीतली गाडी उचलायचा अधिकार घरमालकाला नसतो, तो पोलिसांचा किंवा नगरपालिकेचा. आणि दंड वसूल कसा करणार, हे आधी जाहिरातीत नसेल तर तो मागताच येत नाही. जी धमकी अमलात आणता येत नाही ती वाचून लोक बाकीचे नियमही हलके घेतात. त्याऐवजी खरं काय होतं ते लिहा: 'गल्लीत गाडी असेल तर अग्निशमन बंब पलीकडे जाऊ शकत नाही. तशी गाडी दिसल्यास आम्ही रात्री कधीही फोन करून ती काढायला सांगू.' आणि तो फोन खरंच करा, पहिल्याच रात्री, शेजाऱ्यांनी करायच्या आधी.

निघायच्या वेळेचंही थोडं बदला. ११ ला घर सोडून गाडी तिथेच ठेवून फिरायला जाणारे बरेच असतात, आणि तोवर पुढचे पाहुणे दारात येतात. पुढचं बुकिंग नसेल त्या दिवशी गाडी ठेवायला काहीच हरकत नसते. 'सकाळी विचारावं, जागा रिकामी असेल तर संध्याकाळपर्यंत ठेवता येईल' असं लिहिलंत तर लोक न विचारता ठेवणार नाहीत.

---

मापपट्टी

एक दुरुस्ती. आत ५ आणि बाहेर ४.३, म्हणजे ९.३. त्यात पायरीजवळचे ३० सेंमी आणि मधले ८० मिळवले की १०.४. सरकत्या फाटकाच्या आतल्या रुळाला आणि दाराच्या जाडीला १५ सेंमी तरी जातील. हातात ५ सेंमी उरतात, आणि कुणीच स्टॉपरला बरोबर टेकवून लावत नाही. बाहेरची मर्यादा ४ मीटरच लिहा.